गोळीचे छिद्र पहावे

राहीबाईनं म्हैस रांगोळीवर उभी केली आणि म्हणाली, "काल पुरावा मागितलासा. आणलाय."

महिला मंडळानं पहाटेपासून खपून काढलेल्या 'सुस्वागतम्'मधला 'सु' म्हशीच्या पुढच्या पायाखाली गेला होता. बाकीच्या अक्षरांना तिनं अजून हात, म्हणजे पाय, लावला नव्हता.

कॉलेजच्या वस्तुसंग्रहालयाचं उद्घाटन साडेनवाला होतं. नऊ वाजून गेले होते. दारात, राजवाड्यातनं मागून आणलेल्या लाल पायघडीवर, प्रोफेसर घारपुरे उभे होते. अंगात कोट, गळ्यात जरीकाठी उपरणं. चेहऱ्यावरचं स्वागत त्यांनी मुख्य पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं. त्यातलं राहीबाईच्या वाट्याला काही आलं नाही.

"बाई, ही म्हैस आहे."

"व्हय. तुमाला म्हाईत हाय म्हंजे निम्मं काम झालं."

आत काचेच्या कपाटात एका जपानी सैनिकाचा लोखंडी टोप होता. राहीबाईचा मुलगा नाथाजी गेल्या साली ब्रह्मदेशातनं रजेवर आला तेव्हा त्यानं तो आणला होता. टोप घरी ठेवून तो पलटणीत परत गेला. टोपाचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं, ते राहीबाईनं ठरवलं. वर्षभर म्हशीचं आंबोण त्याच टोपात. रेडकू मेल्यापासून तर तो पेंडीचा टोप तोंडापुढं आल्याखेरीज म्हैस पान्हाच सोडत नव्हती. आणि परवा घारपुरे पुलापल्याडच्या वाडीत गेले, राहीबाई रानात असताना तिच्या नवऱ्याचा कागदावर अंगठा घेतला आणि टोप घेऊन आले. तेव्हापासून म्हशीनं थेंब दिला नव्हता. कास दगडासारखी झाली होती. काल राहीबाई हे सांगायला आली, तर घारपुऱ्यांनी पुरावा मागितला होता.

"दुसऱ्या भांड्यात घालून बघा," घारपुरे म्हणाले.

"बगितलं. पाटीत घातलं, घमेल्यात घातलं, मालकाच्या पटक्यात घातलं. लाथा खाल्ल्या."

"दान दिलेली वस्तू परत मिळत नाही."

"दान कुनी दिलं? सरकारनं पोरगं नेलं, तुमी टोप नेला. उद्या कास सडली की म्हसबी न्या. कपाटात हुबी करा आन पाटी लावा, ही राहीबाईची व्हती म्हनून."

घारपुऱ्यांनी म्हशीची लांबी नजरेनं मापली. "जागा नाही."

राहीबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. 'स्वा' गेला.

"जोतीराम!" घारपुरे ओरडले. "टोप आण. पाच मिनिटं हिच्यासमोर धर, आणि घालव हिला."

शिपाई जोतीरामनं टोप आणला. तो इतका चकाकत होता की राहीबाईनं डोळ्यांवर हात धरला.

"ह्यो माजा न्हवं."

"तोच आहे. दोन दिवस घासलाय."

राहीबाईनं ओटीतली पेंड टोपात टाकली. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"धुतलासा?" राहीबाईचा आवाज खाली आला. "वर्साचा वास धुऊन काडलास व्हय रं मुडद्या? पुसलास कशानं?"

घारपुऱ्यांना मुडद्या म्हणवून घेण्याची सवय नव्हती. जोतीरामनंच साहेबांच्या गळ्याकडं बोट केलं.

"ह्या उपरन्यानं. मला हात लावू देत न्हाईत. आत्ता सकाळीबी पुसला."

म्हशीनं उत्तराची वाट पाहिली नव्हती. उपरण्याचं टोक केव्हाच तिच्या तोंडात गेलं होतं. घारपुऱ्यांची मान खाली खाली येऊ लागली.

"जोतीराम, सोडव!"

"हलू नगा मास्तर! पानावली!"

राहीबाई बसकण मारून कासेखाली गेली, आणि तिच्या ध्यानात आलं की चरवी आणलेली नाही. पुरावा द्यायला निघालेला माणूस चरवी आणत नाही. तिनं टोपातली पेंड 'ग'वर ओतली, टोप गुडघ्यांत धरला. दूध वाजत टोपात पडलं आणि टोपाच्या बाजूनं न वाजता बाहेर निघालं.

"भोकातली लाख कुटं गेली? मी भरली व्हती की!"

"ती मीच कोरून काढली," घारपुरे वाकल्या मानेनं, पण अभिमानानं म्हणाले. "गोळीचं छिद्र हेच तर त्याचं..."

"बोट घाला!"

दुधाचा ओघळ पायघडीकडं निघाला होता. घारपुऱ्यांनी ओघळाकडं पाहिलं, पायघडीकडं पाहिलं आणि खाली बसून छिद्रात बोट घातलं.

टोप काठोकाठ भरल्यावर राहीबाई उठली. तिनं तो प्रोफेसरांच्या हातांत दिला आणि त्यांच्या गळ्यातलं उपरणं उलगडून घेतलं.

"ह्ये आमी नेतो. कागुद तुमच्यापाशी हायच. अंगठा मोकळा झाला की लावा."

"आणि हे दूध?"

"चरवी घिऊन येते. तवर बोट काडू नगा."

ती निघाली. मागोमाग म्हैसही उपरणं हुंगत निघाली. जाता जाता उरलेला 'तम्' तुडवला.

फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला. प्राचार्य मुख्य पाहुण्यांना घेऊन उतरले. पाहुणे निवृत्त मेजर होते. त्यांनी हात जोडले. घारपुऱ्यांनी मान लववली. टोपात लाट आली आणि गेली.

"बाकी सगळं मागाहून," मेजरसाहेब निमंत्रणपत्रिका उघडत म्हणाले. "आधी ते गोळीचं छिद्र दाखवा."

घारपुऱ्यांनी त्यांच्या खांद्यावरून कृष्णेवरच्या पुलाकडं पाहिलं. म्हैस अजून पुलावर चढलीसुद्धा नव्हती.