गुरुशांतअप्पांचा कान

"काय लावू नकोस. रिकामंच ऐकव," गुरुशांतअप्पा म्हणाले.

नवी पेठेतल्या दुकानात शिवकुमारचं बोट गाण्यावरच थबकलं. गिऱ्हाईक आलं की दणदणीत गाणं लावायचं, गिऱ्हाईक मान डोलावतं, माल खपतो, हा त्याचा दहा वर्षांचा शिरस्ता. आणि हे बाबा म्हणतात, गाणं नको, शांतता दाखव!

अप्पांना यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायचा होता. कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायची वीतभर डबी. घरी निवांत ऐकायला, आणि स्वतःच्या हातानं बनवलेले स्पीकर माइक लावून मोजायला. काउंटरवर दोन डब्या होत्या, एक लाल, एक काळी. लेक अक्षता लॅपटॉप घेऊन सोबत आली होती.

आता हा माणूस कोण, ते सांगायलाच हवं. चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आतलं बेअरिंग अजून किती दिवस काढेल ते सांगायचं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी कारखाना दर आठवड्याला गाडी पाठवून नेतो. अप्पा 'चालू द्या' म्हणाले की मोटर चालू, 'उघडा' म्हणाले की उघडली. पुढं कुणी ब्र काढत नाही. अहो, गल्लीतल्या बायका मिक्सर घेतानासुद्धा त्यांना सोबत नेतात! तो कान म्हणजे अप्पांची सगळी इस्टेट.

त्यांनी हेडफोन चढवला, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि डोळे मिटले. आधी लाल, मग काळी.

"दोनी स्वच्छ हायत. लाल घेऊ की, सुटसुटीत हाय. अक्षता, तू बघ."

अक्षतानं लाल डबी ऐकली. कपाळाला आठी पडली. तिनं शिवकुमारकडं पाहिलं. शिवकुमार पंख्याकडं बघत होता.

"कसं वाटतंय गं?"

"चांगलं आहे, अप्पा."

"तुम्ही स्वच्छ म्हणालात म्हणजे स्वच्छच की," शिवकुमारनं री ओढली.

दुसरा कुणी इथंच पिशवी उचलून घरी गेला असता. अप्पांनी खिशातून हातभर वायर काढली. मापायची पट्टी आधी मापून घ्यायची, मग कामाला लावायची, ही त्यांची फिटरकीची रीत. वायरचं एक टोक डबीतून आवाज बाहेर जाणाऱ्या भोकात, दुसरं तिच्याच आवाज आत येणाऱ्या भोकात. डबीनं स्वतःचंच ऐकायचं, आणि लॅपटॉपनं ते रेघेत दाखवायचं.

काळीची रेघ सरळ गेली. लालचीही सरळ गेली, पण आठ हजार हर्ट्‌झवर, म्हणजे अगदी बारीक, चढ्या सुरापाशी, एक उंच सुई उभी राहिली.

अप्पा त्या सुईकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही शिट्टी हाय. अक्षता, तुला ऐकू आलती?"

तिनं मान हलवून हो म्हटलं.

"शिवकुमार, तुला?"

"बारीक येत होती, अप्पा."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमच्या कानापुढं आम्ही काय बोलायचं?"

अप्पा चिडले नाहीत. काळी डबी त्यांनी पुढं ओढली. "अक्षता, हिच्यातनं एक सूर लाव आन् हळूहळू वर वर ने. मला ऐकू येतंय तवर बोट वर ठेवतो." एक हेडफोन त्यांनी चढवला, दुसरा तिला दिला.

अप्पांनी डोळे मिटून बोट वर धरलं. सूर चढत गेला. दोन हजार, तीन, चार. पाच हजारांच्या जरा पुढं बोट खाली आलं.

"तुला?"

"अजून येतोय," अक्षता म्हणाली.

दुकानात तिघंच होते. शिवकुमारनं कुणाला सांगितलं नसतं, लेकीनं तर नाहीच नाही. डबी बदलून घ्यायची आणि गप घरी जायचं, इतकं सोपं होतं. मी असतो तर तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू!

अप्पांनी हेडफोन उतरवून नीट ठेवला. "काळी बांध," म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढला.

"अप्पा, कुणाला फोन?"

"कारखान्यात. बेअरिंग बिघडाय लागलं की पयल्यांदा अशीच बारीक शिट्टी मारतंय. खडखड लई उशिरा येती."

"घरी जाऊन निवांत करा की."

"मोटरीपाशी पोरं उभी असत्यात, बाळ."

फोन लागला. पलीकडं सुपरवायझर ऋतुराज. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"साहेब, मी गुरुशांत. मंगळवारी मी 'चालू द्या' म्हणालो त्या तिनी मोटरी आत्ता बंद करा. उघडा."

"अप्पा, हातातली ऑर्डर अर्धी राहिलीय हो! आणि तुम्हीच तर म्हणालात, काही आवाज नाही. आता एवढ्यात कसला आवाज आला?"

शिवकुमारच्या हातातला दोरा तसाच राहिला. अक्षता बापाकडं बघत होती. असा बाप मिळायला नशीब लागतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आवाज न्हाय आला, साहेब," अप्पा फोनजवळ वाकून, एकेक शब्द सावकाश म्हणाले. "मला येतच न्हाय. म्हणून तर उघडा म्हणतोय."