चमचाभर थंडी

नागपुरात पारा त्रेपन्नावर होता आणि सुमतीबाई वैरागडेंच्या बारमधल्या नळातून कोमट बिअर येत होती. बिअर कंपनीच्या तन्मयने काउंटरखालची टाकी उघडली. विजेवरच्या कूलरना बंदी आल्यापासून टाकीतले उष्णता खाणारे जिवाणूच बिअर गार करत. एवढं ऊन त्यांनाही झेपलं नव्हतं; ते मेले होते.

"नवे मिळायला वर्ष लागेल. नियमाप्रमाणे नळ काढून न्यावा लागेल, काकू."

नळ गेला की चाळीस वर्षांचा बार बंद होणार होता. "थांबा जी," म्हणत सुमतीबाई मागच्या घरातून झाकलेली वाटी घेऊन आल्या. वाटीला बाहेरून दव आलं होतं.

"हे काय?"

"विरजण. टाकी धुताना चमचाभर काढून ठेवते."

"काकू, हे काय दही आहे?"

"दह्याचं भांडंसुद्धा मी कधी पूर्ण विसळलं नाही."

त्यांनी वाटी टाकीत ओतून ढवळली. तासाभरात नळीवर बारीक हिम धरलं. नळ सोडताच ग्लास धुरकटला आणि वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस उभा राहिला. गिऱ्हाइकांनी टेबलं बडवली.

तन्मयने घोट घेतला आणि आपली पाण्याची बाटली रिकामी करून पुढे धरली.

"थोडं यात द्या ना, काकू. शहरात अजून अकरा टाक्या मेल्यात."