मातीला हात

घंटा वाजली, तरी समोरचा फायटर हल्ला न करता खाली बसला. लहानपणच्या लाडक्या गेमचा नवा भाग आजच आला होता आणि धैर्यशील पहिल्यांदाच ऑनलाइन, कुणा अनोळखी माणसाशी खेळत होता. त्याने लाथ घातली.

"अहो, नुसता मार खातोय. उठत का नाही तो?" बायकोने विचारलं.

"नेट अडकलं असणार त्याचं. आपलं बरंच झालं."

शेवटच्या लाथेआधी समोरचा उठला, जरा मागे सरला आणि पुन्हा खाली बसला. अडकलेलं नेट असं करत नाही. पण धैर्यशीलचं बोट तोवर बटणावर पडलं होतं.

लहानपणी तो जिथे खेळायचा, त्या कोल्हापुरातल्या व्हिडिओ गेम पार्लरमधली पोरं तालमीतली. लढतीआधी दोघांनी आपापला फायटर खाली बसवायचा, मातीला हात लावल्यासारखा, हा रिवाज फक्त तिथला. पार्लरच्या स्पर्धेच्या फायनलला धैर्यशील असा बसलेला असतानाच सुजितने लाथ घालून कप नेला होता. एवढा जिवलग दोस्त, पण धैर्यशील त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

'तुम्ही जिंकलात,' पडद्यावर आलं. त्याने घाईघाईने आपला फायटर खाली बसवला.

समोर कुणीच नव्हतं.