मुलासाठीची इंजेक्शनं

आम्ही तिघी पोरीच, म्हणून पप्पांनी चोपन्नाव्या वर्षी जिमवाल्याकडून पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. आज घरीच त्यांच्या छातीत कळ आली. मी कुठली घाबरते! भर रस्त्यात आडवी जाऊन रिक्षा थांबवली, "काका, जलदी चलावो!" असं गुजरातीत म्हणत, पप्पांना घेऊन आमच्या सचिन गावाहून शहरातला दवाखाना गाठला.

"रक्त घट्ट होऊन हृदयावर ताण आलाय. ती इंजेक्शनं आधी बंद करा," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या इंजेक्शनांनी मूल होत नाही, उलट बीज बनायचं थांबतं."

"बंद केल्यावर पुन्हा बनेल ना, साहेब?" पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या पोरीनं वेळेत आणलं म्हणून वाचलात."

"तेच तर सांगतोय, साहेब," पप्पा कळवळून म्हणाले. "पोरगा असता, तर हिला एवढं धावावं लागलं असतं का?"