ओली वाळू सुरू होते तिथे

"बाबा, नव्या चपला कुठे आहेत?" मी कोरड्या वाळूवरून ओरडले.

पाण्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या बाबांनी नुसतं बोट दाखवलं. ओली वाळू सुरू होते तिथे, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, चपला जोडीने ठेवलेल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. शुगरमुळे त्यांच्या तळपायांना काही जाणवत नाही. गेल्या महिन्यात शिंपल्याने पाय कापला, ते मला घरातल्या लादीवरच्या रक्तावरून कळलं. म्हणून तर खास वाळूत चालायच्या, पिसासारख्या हलक्या चपला शोधून आणल्या.

"चावतात का? जड होतात?"

"छे गं, झकास आहेत. घरापासून इथवर घालूनच येतो. पण चाळीस वर्षं ज्याच्यात जाळं टाकलं, त्या दर्यापुढे चप्पल घालून जायचं?"

"मग उद्या पाय कापावा लागला, की दर्या येणार का उचलून न्यायला?"

तणतणत मी त्या चपला उचलल्या, तरातरा पाण्यापर्यंत गेले आणि बाबांच्या पायात घालायला खाली बसले. बाबा माझ्या पायांकडे बघत हसू दाबत होते.

मी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चपला होत्या तिथेच आता माझ्या होत्या. कधी काढल्या, मलाच आठवेना.