हवालदार रजेवर आहेत

हिरवा लांब ड्रेस, सपाट चपला आणि खांद्यापर्यंत रुळणारे केस अशा थाटात वाहतूक हवालदार स्वतःच्याच चौकात, फुटपाथच्या कडेला उभे होते. छातीत धडधडत होतं. भीतीने कमी, आनंदाने जास्त. इतकी वर्षं हा ड्रेस फक्त घरातल्या आरशाने पाहिला होता. आज मिशी उतरवून, ती परत येईपर्यंतची रजा टाकून ते भर उजेडात आले होते. केस तेवढे उसने, बाकी सगळं स्वतःचं.

"वर्दीतल्या माणसाचं तोंड कोण बघतंय?" असं बायकोला पटवून त्यांनीच हा चौक निवडला होता. येताना एका भाजीवाल्याने "या ताई" म्हटलं होतं, बसमध्ये एका बाईने सरकून जागा दिली होती. हवालदार नुसते तरंगत होते. फक्त बोलायचं नाही, असं ठरलं होतं. त्यांचा आवाज म्हणजे फुटका भोंगा. त्याच्यावर कुठलाच ड्रेस चढत नव्हता.

"चला आता," बायको दंड धरून पुटपुटली. "झाली ना हौस? रस्ता ओलांडायचा आणि सरळ घरी. कुणी ओळखलं तर नोकरी जाईल, आणि वर तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

पण ओलांडायचा कसा? सिग्नल बंद पडला होता. बदलीवरचा शिपाई चहाला गेलेला. चारही बाजूंनी जो तो पुढे घुसत होता, आणि मधोमध दोन पिशव्या घेतलेली एक म्हातारी अडकली होती. तिच्या पाठीमागून एक ट्रक रिव्हर्स घेत तिच्याच अंगावर येत होता. ट्रकवाल्याचं लक्ष भलत्याच आरशात.

हवालदारांना कळायच्या आत त्यांची दोन बोटं तोंडात गेली. शिट्टी अशी वाजली की तारेवरची कबुतरं उडाली. ड्रेस गुडघ्यापर्यंत उचलून ते धावले, ट्रकच्या पाठीवर थाप मारली आणि दुसरा हात वर केला. सगळं थांबलं. म्हातारी पलीकडे पोचली.

तेवढ्यावर मागे फिरता आलं असतं. पण हात खाली आला की चारही बाजू पुन्हा एकमेकींच्या अंगावर येणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी डावीकडचे अडवले, समोरचे सोडले. मनगट फिरलं, कोपर फिरलं, सगळं रोजच्यासारखं.

तिथेच घात झाला. पहिल्या रांगेतला बस ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "अरे, हा हात तर आपल्या हवालदारांचा!" असं ओरडून त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आयला!"

चौकभर खसखस पिकली. "साहेब, मिशी कुठे गहाण टाकली?" कुणीतरी विचारलं. एका लाल हेल्मेटवाल्याने मोबाइल काढला आणि फोटो नीट यावा म्हणून मोटारसायकल रेषेच्या पुढे आणली. फुटपाथवर बायकोने तोंडावर हात ठेवला होता. पळा, एवढंच तिचे डोळे सांगत होते.

पळावंसं हवालदारांनाही वाटलं. कानशिलं तापली होती. पण सवयीने त्यांनी एकदा चौकावरून नजर फिरवली, आणि ते बघतच राहिले. एकही गाडी हलत नव्हती. एकही हॉर्न वाजत नव्हता. वर्दीत उभं राहून खांदा दुखेपर्यंत हात करावा, तर लोक खांबाकडे बघावं तसं बघून निघून जायचे. आज पार शेवटच्या रिक्षापर्यंत प्रत्येक जण त्यांच्याकडे बघत होता. बघत होता म्हणून थांबला होता. हवालदारांना आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. ड्रेसची शिवण कुठेतरी उसवली. उसवू दे.

"ए लाल हेल्मेट! मोबाइल खिशात, गाडी रेषेच्या मागे! फोटो काढायचे तर कडेला लाव आणि पोटभर काढ. माझ्या चौकात खोळंबा नको!"

फुटका भोंगा चारही रस्त्यांवर घुमला. आता शंकेला जागाच उरली नाही. हसू बंद झालं. लाल हेल्मेटवाला पाय घासत घासत मागे गेला. बस ड्रायव्हरने तर कुणी न सांगता आपली बसही वीतभर मागे घेतली.

"समोरचे, चला! डावे, थांबा! काकू, तुम्ही या बिनधास्त!" हवालदारांच्या अंगात वारं भरलं होतं. तुंबलेल्या गाड्या सुटायला लागल्या.

तेवढ्यात त्यांना दिसलं, बायको फुटपाथवरून खाली उतरली होती. त्यांनी तिच्यासाठी दोन्ही बाजू थांबवल्या. पण ती पलीकडे गेली नाही. सगळ्यांच्या देखत सरळ त्यांच्यापाशी आली. आता ही हाताला धरून ओढत घरी नेणार, असं हवालदारांना वाटलं. वर केलेला हात अर्ध्यावर आला.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्यांनी उघडलं. तिने रुमालाच्या टोकाने त्यांच्या पुढच्या दाताला लागलेली लिपस्टिक पुसली. मग हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवून पाहिला, उजवीकडे वळवून पाहिला.

"हं," ती म्हणाली. "आता ओरडा."