ज्ञच्या जागी चौकोन

"हा र हाय का म्हशीचं पोट?" जोहराचाची सुकन्याच्या मागं उभ्या राहून पुटपुटल्या.

सुकन्याला हसू आलं. तिनं माऊसनं 'र'चं पोट धरलं आणि थोडं आत ढकललं. "आता?"

"मला काय विचारतीस? त्यांना विचार. अक्षर त्यांचं."

चाचींचे नवरे ताहेर पेंटर दारातल्या बाकावर बसून रस्ता बघत होते. उजवा हात कुर्त्याच्या खिशात, डाव्यात चहाची बशी. "ठीक हाय," ते न बघताच म्हणाले.

सुकन्याचं डीटीपीचं दुकान लातुरात, क्लासच्या गल्लीत होतं. कोरल हे अक्षरं-चित्रं मांडायचं सॉफ्टवेअर ती कुणाच्या हाताखाली शिकली नव्हती. लोकांच्या लग्नपत्रिका बिघडवत शिकली. सुरुवातीला सीडीवर दिसेल तो मराठी फॉन्ट मशीनमध्ये भरायची. मग मशीन चालू व्हायला इतका वेळ लागायचा, की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. शेवटी एका दुपारी तिनं फॉन्टचं फोल्डर उघडलं आणि तांदूळ निवडावेत तसे नको ते फॉन्ट वेचून बाहेर टाकले. राहिले ते गल्लीत सगळ्यांकडं होते तेच. त्यामुळं गल्लीतले सगळे बोर्ड एका आईची लेकरं दिसायचे.

उमाशंकर सरांना हेच खुपत होतं. लोहा, देगलूर, नांदेड, सगळीकडं त्यांच्या क्लासच्या शाखा निघत होत्या. "माझे बोर्ड ताहेरचाचांच्या अक्षरातच पाहिजेत," त्यांनी सांगून टाकलं. आता बोर्ड म्हणजे फ्लेक्स, आणि फ्लेक्स ब्रशला दाद देत नाही. म्हणून ही युक्ती निघाली. गावातल्या पत्र्याच्या बोर्डांचे फोटो काढायचे, एकेक अक्षर कडेनं गिरवून घ्यायचं आणि चाचांच्या अक्षराचाच फॉन्ट करायचा. सर स्वतः चाचांच्या घरी गेले होते. निघताना म्हणाले, "दुकानात या. चाचींनाही आणा, त्याशिवाय मजा न्हाई."

चाचांच्या अक्षराचं गावाला वेड होतं. भूकंपाच्या वेळी ते किल्लारीला एका दुकानाचं काम घेऊन मुक्कामी गेले होते. उजवा हात प्लास्टरात घेऊन जिवंत परतले तेव्हा चाचींनी दर्ग्यावर चादर चढवली. प्लास्टर निघालं, काही महिने गेले आणि त्यांच्या घरातून परत बोर्ड बाहेर पडू लागले. फक्त भिंतीवरची कामं त्यांनी सोडली. अक्षर मात्र आधीपेक्षा गोल, मऊ झालं होतं. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचा हातही मऊ होतो, असं लोक म्हणायचे.

आता त्या हाताला कामच राहिलं नव्हतं. पण फ्लेक्सवाल्यांच्या गल्लीत बसून ते कोण बोलणार?

सुकन्यानं फॉन्टची फाइल फोल्डरात टाकली. कोरल बंद करून परत उघडलं आणि यादी खाली खाली सरकवली. टीच्या रांगेत नाव आलं: ताहेर.

"आलं की ओ!" चाचींनी ओढणी सावरली. "अजी, कॉम्प्युटरात तुमचं नाव आलं."

यावेळी चाचा उठून आले. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"मी गेलो तरी हे राहील?"

"राहील की. फक्त दुसऱ्याला फाइल देताना अक्षरांचं चित्र करून द्यायचं. न्हाईतर तिथलं मशीन त्यांना ओळखत न्हाई."

"माणसासारखंच हाय म्हणा. परगावी कोण ओळखतं?"

तेवढ्यात उमाशंकर सर आत आले. "झालं का? नांदेडची गाडी बाहेर उभी हाय. आज छापायला गेलं न्हाई तर उद्घाटनाला बोर्ड न्हाई."

सुकन्यानं क्लासचं नाव टाइप केलं: सुगम विज्ञान क्लासेस. पडद्यावर 'वि' आला, 'न' आला आणि मधे एक रिकामा चौकोन.

"हे काय?"

"ज्ञ न्हाई आपल्याकडं." तिनं सगळे फोटो परत चाळले. किराणा, कटलरी, दवाखाना, रसवंती. ज्ञ एकातही नव्हता.

"कुठून असणार?" सर म्हणाले. "ज्ञानाचं दुकान गावात आत्ता कुठं निघालंय."

"सीडीतला ज्ञ बसवू?"

"नको!" चाची पटकन म्हणाल्या. "ठिगळ दिसंल."

"मग सगळाच बोर्ड सीडीतल्या अक्षरात जाईल, चाची," सुकन्या म्हणाली. "चाचांचं अक्षर राहून जाईल."

सुकन्यानं टेबलावर कोरा कागद ठेवला, काळी शाई ठेवली, ब्रश ठेवला. "एक ज्ञ पाहिजे. एवढाच." तिनं मान वर केली नाही.

चाचांनी बशी खाली ठेवली. उजवा हात खिशातून निघाला नाही.

"त्यांचा चष्मा घरी राहिला," चाची म्हणाल्या.

चष्मा चाचांच्या नाकावर होता. सर रस्त्याकडं बघू लागले. सुकन्या शाईच्या बाटलीचं बूच पुसू लागली.

"आणि ब्रश परका हाय," चाची घाईनं म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ब्रशला त्यांचा हात बसत न्हाई. आम्ही घरी जाऊन काढून आणतो. तुम्ही गाडी थांबवा, सर."

"जोहरा," चाचा हळूच म्हणाले.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. उमाशंकर सरांनी खुर्ची ओढली, हातानं झटकली आणि जोहराचाचींच्या पुढ्यात ठेवली.

"बसा चाची, तुम्हीच काढा," ते म्हणाले. "किल्लारीला चाचांची बोटं निकामी झाली, तेव्हापासून एकेक बोर्ड तुम्ही रंगवताय, हे तुम्हा दोघांना सोडून अख्खं लातूर उघड बोलतंय."